मधला सोमवार

आमच्या घरात दोन प्राध्यापक होते आणि त्यांतल्या जास्त शिकलेल्याला कमी पगार होता. कमी शिकलेली मी. मी इतिहासाची, साधी एम. ए. माझे यजमान पदार्थविज्ञानाचे, पीएच. डी. झालेले, माझ्या वर्षभर आधी नोकरीला लागलेले. तरीही नोकरीच्या उत्तरार्धात माझा पगार कायम त्यांच्या पुढे राहिला, कारण मी एका जागी बसून होते आणि ते एकदा उठले.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. सुरुवातीला भेटायला येणाऱ्यांची रांग होती, आता कोणी फारसं येत नाही. दुपारी अमरावतीचं ऊन खिडकीच्या पडद्याला धडका देत असतं आणि मी वाचत बसते. आलेला प्रत्येक जण सर किती छान शिकवायचे ते सांगून गेला. सरकारी कागदांत मात्र त्यांच्या शिकवण्याची दखल एकदाच घेतली गेली, तीही आक्षेप म्हणून. ती हकिगत सावकाश लिहून काढावी म्हणून बसले आहे.

लग्न झालं तेव्हा ते अकोल्याच्या एका महाविद्यालयात होते आणि मी अमरावतीच्या. दोन्ही संस्था खासगी, पगार अनुदानातून. जठारपेठेत त्यांनी एक खोली घेतली होती. शनिवारी संध्याकाळी ते अमरावतीला यायचे आणि सोमवारी पहाटे, मी झोपेत असतानाच, परत जायचे. दहा-अकरा वर्षं आम्ही असा रविवारचा संसार केला. मग आमच्याच महाविद्यालयात पदार्थविज्ञानाची जागा निघाली. त्यांनी रीतसर अर्ज केला, मुलाखत दिली, निवड झाली. माझ्या सहकाऱ्यांनी पेढे मागितले आणि आता मॅडमचा डबा गरम असेल, असा विनोद केला.

इथे नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांचा बाजार वाटेल. तो तसा आहेच, पण नियमानुसार आहे. प्राध्यापकाने नोकरी बदलली की त्याची ज्येष्ठता जुन्या संस्थेतच राहते. नव्या संस्थेत तो सगळ्यांच्या खाली, काल लागलेल्या पोराच्याही खाली. पगार मात्र सोबत नेता येतो. अट अशी की जुनी नोकरी आणि नवी नोकरी यांच्या मध्ये एक दिवसाचीही फट पडता कामा नये. फट पडली तर त्याला सेवेत खंड म्हणतात, आणि मग आधीची सगळी वर्षं झालीच नाहीत असं समजून पगार पहिल्या पायरीपासून बांधतात.

अकोल्याच्या प्राचार्यांनी त्यांना शनिवारी दुपारी कार्यमुक्त केलं. हार, नारळ, भाषणं झाली. रविवार सुट्टीचा. सोमवारी सकाळी अमरावतीत रुजू व्हायचं, की सगळं बिनबोभाट जुळलं असतं. पण त्याच शनिवारी सकाळी अकोल्यात वीज गेली होती आणि तिसऱ्या वर्षाच्या निम्म्या मुलांचा एक प्रयोग राहून गेला होता. पुढच्या आठवड्यात त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. यांच्या जागी नवा माणूस यायला अजून अवकाश होता. यांनी टॉवर चौकातल्या एसटीडी बूथवरून आमच्या प्राचार्यांना फोन केला, की मी मंगळवारी आलो तर चालेल का. आमचे प्राचार्य मोठे दिलदार. म्हणाले, "अहो सर, घरचंच कॉलेज आहे. या आरामात."

त्या आरामाची किंमत ना प्राचार्यांना माहीत होती ना यांना. दोघेही डॉक्टरेट होते.

सोमवारी रात्री ते घरी आले ते खुशीत. पानावर बसल्या बसल्या मला प्रयोग समजावून सांगायला लागले. सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश दुर्बिणीतून पाहिला की एकच पिवळी रेघ दिसते, पण यंत्र नीट जुळवलं तर तिच्या दोन रेघा होतात. पुस्तकात सगळे वाचतात, पाहतात थोडेच. बाळापूरहून येणारी एक मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली होती आणि मग एकदम ओरडली होती, "सर, दोन हायेत! खरंच दोन हायेत!" हे सांगताना त्यांनी तिची नक्कल केली आणि हातातला भाकरीचा तुकडा आमटीत पडला. मला त्या दोन रेघांचं विशेष काही वाटलं नाही. माणूस कायमचा घरी आला याचं वाटलं.

मंगळवारी ते रुजू झाले आणि स्टाफरूममध्ये शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. आमच्या स्टाफरूममध्ये खुर्च्यांवर नावं नव्हती, पण कोणी चुकीच्या खुर्चीवर बसलं असं कधी झालं नाही. चहासुद्धा ज्येष्ठतेने फिरायचा. शिपायाला आमचे विषय ठाऊक नव्हते, रुजू झाल्याच्या तारखा मात्र पाठ. माझ्याकडे कप वाफाळता यायचा. यांच्याकडे पोचेपर्यंत त्यावर साय धरलेली असायची. वार्षिक फोटोत मी पुढच्या रांगेत खुर्चीवर, मांडीवर हात ठेवून, आणि ते मागे बाकावर उभे, ज्याला त्यांनीच अकोल्यात शिकवलं होतं अशा एका तरुणाच्याही मागे. तो बिचारा ओशाळून म्हणायचा, "सर, तुम्ही पुढे या ना." हे म्हणायचे, "नको, तू ज्येष्ठ आहेस."

एकदा तर कहर झाला. प्राचार्य आठवडाभर बाहेरगावी गेले आणि ज्येष्ठतेने प्रभार माझ्याकडे आला. त्याच आठवड्यात यांना गावी जायचं होतं. सकाळी घरून पोहे खाऊन आम्ही एकाच स्कूटरवर कॉलेजात गेलो, आणि तासाभराने शिपायाने माझ्या टेबलावर किरकोळ रजेचा अर्ज आणून ठेवला. "माननीय प्रभारी प्राचार्या यांच्या सेवेशी, विनंती अर्ज करतो की..." खाली "आपला आज्ञाधारक" आणि सही. एरवी डबा भरायला सांगितला तर दोनदा विसरणारा माणूस. मी शेरा मारला, "मंजूर. येताना तूप आणावे." ती रजा आजही कॉलेजच्या रजेच्या फाईलीत तुपासकट नोंदलेली असेल.

तोवर पैशाला धक्का नव्हता. अकोल्याचा पगार सोबत आला होता, त्यामुळे खुर्ची मागची असली तरी ते हसण्यावारी नेत. हसणं बंद झालं ते नवा वेतन आयोग लागू झाल्यावर. सगळ्यांची वेतननिश्चिती नव्याने व्हायची होती, आणि वरच्या कार्यालयात कोणीतरी प्रथमच त्यांची जुनी पानं उलटली. लेखी विचारणा आली, की सदर कर्मचारी शनिवारी कार्यमुक्त झाला, मंगळवारी रुजू झाला, तर मधल्या सोमवारी तो कुठे होता?

दोन महिन्यांनी निर्णय आला. सेवेत खंड. अकोल्याची वर्षं बाद. इतकी वर्षं जास्त दिला गेलेला पगार हप्त्याहप्त्याने वसूल. माझा पगार त्यांच्या पुढे गेला तो त्या महिन्यात, आणि मग कधीच मागे आला नाही.

याच काळात आमच्याकडे एक गृहस्थ होते, वाणिज्य विभागात. चार संस्था बदलून आलेले. प्रत्येक वेळी परवानगी, कार्यमुक्ती, रुजू अहवाल, सगळं जागच्या जागी. आदल्या दिवशी सूर्य मावळताना इथून सुटायचं आणि दुसऱ्या दिवशी उगवताना तिथे हजर. या चारही ठिकाणी त्यांनी काय शिकवलं हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाही सांगता आलं नसतं. पगार आम्हा दोघांपेक्षाही वर. ते यांना कळवळून म्हणायचे, "सर, तुम्ही अभ्यास केला नाही. विषयाचा नाही हो, जी.आर.चा."

तेल्हाऱ्याहून माझे धाकटे दीर यायचे. शेती बघणारा माणूस, बोलणं रोखठोक. एका दिवाळीत ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे दादा, तू त्या दिवशी गेला, दिवसभर शिकवलं, अन् पगार कोनी देल्ला?"

"कोणीच नाही. अकोल्याने सोडलं होतं, अमरावतीने घेतलं नव्हतं."

"फुकट केलं?"

"फुकट."

"मंग फुकट काम केलं म्हनून आधीचे धा वर्स कापले? हे तं आमच्या सावकारालेई सुचलं नाई बाप्पा!" आणि माझ्याकडे वळून, "वैनी, तुमी काहून हासून राह्यल्या? तुमचा तं फायदाच झाला. आता घरात तुमी मोठ्या."

"मोठी मी आधीपासूनच होते. आता कागदावर आले."

यांनीही हसून घेतलं. पण त्यांच्या मनाला ते लागलं होतं. पैशापेक्षा जास्त लागलं होतं ते "सेवा ग्राह्य धरता येत नाही" हे वाक्य. त्या दहा-अकरा वर्षांत त्यांनी त्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा उभी केली होती. खोलीतला एकटेपणा, पहाटेच्या गाड्या, खानावळीचं जेवण, सगळं तिथेच घातलं होतं. आणि कागद म्हणत होता, हा माणूस तेव्हा नोकरीत नव्हता. निवृत्तीच्या आत ती वर्षं परत मिळवायची, एवढं एकच त्यांनी मनात धरलं.

उपाय होता. पटण्यासारखं कारण दिलं तर खंड माफ करता येतो. आमच्या कॉलेजचे बडे बाबू, म्हणजे मुख्य लिपिक, या कामात तरबेज. ते स्वतःहून घरी आले.

"सर, एक अर्ज करू. त्या सोमवारी तुमाले ताप होता. डॉक्टरचं सर्टिफिकेट मी आनतो, जुन्या तारखेचं, पिवळ्या कागदावर. झकास दिसते."

"मला ताप नव्हता."

"मंग तुमची आजी वारली म्हना."

"ती आधीच गेली होती."

"अजून एकदा जाऊ द्या सर, तिचं काय बिघडते?"

मी आत चहा करत होते, मला हसू आवरेना. बाहेर हे मात्र गंभीर. "बाबू, खरं कारण चालत नाही का? मी मुलांचा प्रयोग घेत होतो. अकोल्याला विचारा."

बडे बाबूंनी फार दयाळूपणे मान हलवली. "सर, आजार चालते, मयत चालते, पूर चालते, एसटीचा संप चालते. शिकवत होतो, हे नाई चालत. त्यासाठी रकानाच नाई."

यांनी खरं तेच लिहून पाठवलं. उत्तर यायला वर्ष लागलं. ते असं, की कार्यमुक्त झाल्यानंतर सदर कर्मचाऱ्याने कोणाच्या आदेशाने अध्यापन केले, याचा खुलासा करावा. तसेच अनधिकृत व्यक्तीस वर्गावर जाऊ दिल्याबद्दल अकोल्याच्या प्राचार्यांचाही खुलासा मागवावा. अकोल्याचे ते प्राचार्य तोवर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. नव्या प्राचार्यांनी कळवलं, की अशा कोणत्याही अध्यापनाची आमच्याकडे नोंद नाही. नोंद असणार कशी? हजेरीपटावरून नाव शनिवारीच कमी झालेलं.

त्या रात्री मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, "सगळं जग आजारी पडतं. तुम्हाला एक दिवसाचा ताप लिहायला काय जड जातं?"

ते म्हणाले, "मी अंथरुणात होतो, तर त्या मुलीला दोन रेघा कोणी दाखवल्या?"

त्यावर मी दुप्पट चिडले.

ते तसेच निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात अध्यक्षांनी त्यांच्या प्रदीर्घ सेवेचा गौरव केला आणि कितीतरी वर्षं मोजून दाखवली. अकोल्याचीही धरून. भाषणात ती चालत होती. पेन्शनमध्ये नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मला पुन्हा कॉलेजच्याच कार्यालयाच्या खिडकीशी जावं लागलं. कॉलेजात आता नवे बाबू आहेत, तरुण, चुणचुणीत, संगणकावर बोटं उडवणारे. त्यांनी फाईल पाहिली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मॅडम, हे तं आता एकदम सोपं झालं."

"काय सोपं झालं?"

"सर तयार नव्हते ना. आता वारस म्हणून तुम्ही शपथपत्र द्या, की त्या दिवशी ते आजारी होते आणि तुम्ही स्वतः त्यांची सेवा केली. खंड माफ होईल, सगळा फरक भेटेल, तुमचं पेन्शनही वाढेल. मी टाईप करून ठेवतो. तुम्ही फक्त सही."

त्यांनी मनापासून सांगितलं होतं. मी कागद घेऊन घरी आले. त्यात लिहिलं होतं, की पतीस कडक ताप असल्याने मी दिवसभर त्यांच्या उशाशी बसून होते. उशाशी मी बसले होते, पण ते गेल्या वर्षी, रुग्णालयात. तिथे बसून काय दिसतं ते मला माहीत आहे. या माणसाने ते वीस-पंचवीस वर्षं मागे नेऊन एका सोमवारी चिकटवलं होतं.

मला पैशाची तशी गरज नाही. माझं स्वतःचं निवृत्तिवेतन आहे, आणि ते यांच्यापेक्षा जास्तच आहे. पण सही केली असती तर अकोल्याची सगळी वर्षं परत आली असती. कागदावर का होईना, ते तिथे होते असं सरकारने कबूल केलं असतं. त्यांना हवं होतं ते हेच. त्यासाठी जो एक दिवस त्यांनी स्वतःच्या मर्जीने शिकवलं, तेवढाच खोडायचा होता. हा हिशेब मी कितीतरी दुपारी घोळवला. दिराला फोन केला.

"वैनी, करून टाका सही. दादा काय पाह्यले येऊन राह्यला का?"

"त्यांनी केली नव्हती."

"तो येडा होता."

"हो."

मग त्यांनी इकडचं तिकडचं, कपाशीचं वगैरे विचारल्याशिवायच सांगितलं आणि फोन ठेवला.

शेवटी मी नवं शपथपत्र लिहिलं. त्या सोमवारी माझे पती अकोल्यात होते, प्रकृती उत्तम होती, वीज गेल्यामुळे राहिलेला प्रयोग त्यांनी मुलांकडून करून घेतला आणि रात्री घरी येऊन मला सांगितला, एवढंच. दोन रेघांचंही लिहिलं. टंकलेखकाने विचारलं, "हे रेघांचं ठेवायचं का?" मी म्हटलं, ठेवा. नव्या बाबूंनी ते वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. "मॅडम, हे परत येईल."

"येऊ द्या."

"तुमचं नुकसान आहे."

"ते झालेलं आहे."

तीन आठवड्यांपूर्वी ते परत आलं. वरच्या कार्यालयाने वेळ घेतला, पण विचार केलेला दिसला. लिहिलं होतं, की वारसाचे कथन ऐकीव स्वरूपाचे असल्याने ग्राह्य धरता येत नाही. सबब संबंधित कर्मचाऱ्याने मूळ कागदपत्रांसह व्यक्तिशः उपस्थित राहून खुलासा सादर करावा, अन्यथा प्रकरण कायमचे बंद करण्यात येईल.

मी ते फोनवर दिराला वाचून दाखवलं. मग ते म्हणाले, "तारीख काय देल्ली?"

"का?"

"मी जातो. तोंड तं आमचं सारखंच हाये. मले काय विचारतीन? सोमवारी कुठे होता, इचारतीन. सांगतो, शिकवून राह्यलो होतो. अजून काही इचारलं तं मले फिजिक येते का पाहा म्हनीन."

"भाऊजी, तुम्ही दहावी नापास आहात."

"मंग काय झालं? तेई कोनी इचारत नाई तिथं."

त्यांना मी जाऊ दिलं नाही. प्रकरण बंद होणार हे मला कळत होतं, आणि अकोल्याची वर्षं आता कोणी परत देणार नाही हेही. पण सरकारी पत्राला उत्तर द्यायचं असतं, एवढी शिस्त इतक्या वर्षांच्या नोकरीने अंगात मुरलेली आहे. म्हणून काल सकाळी टेबलाशी बसून, चांगल्या अक्षरात, उत्तर लिहिलं. की संबंधित कर्मचारी आपल्या कार्यालयात व्यक्तिशः उपस्थित राहू शकत नाही, याबद्दल दिलगीर आहे. या वेळी कारण आजारपणाचं आहे, ते खरं आहे, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे.